ट्रकला डॅशकॅम बसवताना: कॅमेऱ्याइतकाच तारेचा विचार

माझ्या पहिल्या डॅशकॅमचा लाल दिवा इमानेइतबारे लुकलुकत होता. एक दिवस पुढची गाडी अचानक माझ्या लेनमध्ये घुसली, तिने करकचून ब्रेक मारला आणि माझा बंपर तिच्या मागच्या दिव्याला लागला. तिचा चालक तावातावाने बोलत होता, मी मात्र शांत. मनात म्हटलं, बोल बाबा, सगळं आत टिपलं गेलंय. रात्री कार्ड काढून संगणकाला लावलं तर शेवटची फाइल अकरा आठवडे जुनी. कार्ड केव्हाच गेलं होतं. दिव्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर स्वतःच्या आणि ओळखीतल्यांच्या ट्रकमध्ये बरेच कॅमेरे बसवले, बंद पडलेलेही उघडून पाहिले. भिंग खराब झालं म्हणून निकामी झालेला एकही आठवत नाही. चार्जर जळाला, कार्ड मेलं, उन्हाने आतली बॅटरी फुगली, टेप सुटून कॅमेरा खाली पडला, नाहीतर तार कुठल्यातरी पत्र्याला घासून तुटली. नवीन माणूस मात्र चार दिवस चित्राच्या दर्जाची तुलना करतो आणि जोडणी दहा मिनिटांत उरकतो. या लेखात वीज, टेप आणि तार यांनाच जास्त जागा दिली आहे, ती म्हणूनच.

आधी ठरवा: नेमकं काय टिपायचं आहे?

समोरच्या रस्त्याचा पुरावा एवढंच हवं असेल तर एका भिंगाचा साधा कॅमेरा पुरतो. पहिल्यांदा घेणाऱ्याने तोच घ्यावा, असं माझं मत. तो नीट चालवता आला की पुढचं बघता येतं.

वळताना बाजूच्या आंधळ्या पट्ट्यात शिरणाऱ्या दुचाकी, घासून जाणाऱ्या गाड्या हा तुमचा प्रश्न असेल तर समोरचा कॅमेरा कितीही महाग घेतला तरी तो सुटत नाही. त्यासाठी केबिनच्या बाहेर, आरशाच्या दांडीजवळ कॅमेरे लावावे लागतात आणि सगळ्यांचं रेकॉर्डिंग करणारी एक पेटी आत बसवावी लागते. ते काम थोडं मोठं आहे, त्याबद्दल पुढे थोडक्यात.

एका सापळ्यात मात्र बरेचजण अडकतात. कारसाठी मिळणाऱ्या 'पुढे-मागे' जोडीतला मागचा कॅमेरा मागच्या काचेला आतून चिकटवण्यासाठी असतो. ट्रकच्या केबिनला मागे काच असलीच तर तिच्यातून दिसते ती मालाची भिंत. त्या जोडीचे पैसे फुकट जातात.

केबिनच्या आत पाहणारा कॅमेरा हवा असेल तर त्याला इन्फ्रारेड दिवे असले पाहिजेत, नाहीतर रात्री आतलं काहीच दिसत नाही. गाडी दुसरा कुणी चालवत असेल तर त्याला विचारून, सांगूनच तो लावा. आवाज रेकॉर्ड करण्याबद्दल अनेक देशांत वेगळे नियम आहेत. काही देशांत तर डॅशकॅमवरच कडक निर्बंध आहेत, तेव्हा सीमा ओलांडणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

चित्र किती स्पष्ट हवं?

पेटीवरच्या मोठ्या आकड्यांपेक्षा एक साधा हिशोब करून बघा. १०८०पी चित्राच्या रुंदीत १,९२० ठिपके असतात. भिंग १४० अंश रुंद पाहत असेल तर एका अंशाला साधारण १४ ठिपके मिळतात. अर्धा मीटर रुंदीची नंबरप्लेट १० मीटरवर असेल तर ती जेमतेम ३ अंश व्यापते, म्हणजे तिच्या वाट्याला ४० ठिपके. त्यात आठ-दहा अक्षरं बसवायची. २० मीटरवर तेच २० ठिपके होतात आणि नंबर वाचता येत नाही. ४के चित्राची रुंदी ३,८४० ठिपक्यांची, म्हणून तोच नंबर जवळपास दुप्पट अंतरावरून वाचता येतो. दोहोंच्या मधलं १४४०पी म्हणजे २,५६० ठिपके, आणि माझ्या मते बहुतेकांसाठी तेच योग्य. चित्र स्वच्छ, फाइल आवाक्यात, कॅमेरा फार तापत नाही.

भिंग जितकं रुंद, तितके ठिपके पातळ पसरतात. '१७० अंश' लिहिलेलं पाहून भुलू नका. बऱ्याचदा तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कोन असतो, आणि चित्रात दूरची गाडी मुंगीएवढी दिसते. १२० ते १४० अंश पुरेसे आहेत.

सेकंदाला ३० चित्रं की ६०? ताशी ८० किलोमीटर वेगाने ट्रक सेकंदाला २२ मीटर पुढे जातो, म्हणजे ३० चित्रांच्या हिशोबात दोन चित्रांमध्ये पाऊण मीटरचं अंतर. समोरून तेवढ्याच वेगाने येणाऱ्या गाडीसाठी ते दीड मीटर होतं. ६० चित्रं घेतली तर नंबर स्पष्ट उमटलेलं एखादं चित्र मिळण्याची शक्यता वाढते, पण फाइलही फुगते आणि अंधारात प्रत्येक चित्राला उजेड कमी मिळतो. रात्रीचं ड्रायव्हिंग जास्त असेल तर ३० बरे.

रात्रीची गोष्ट वेगळीच आहे. अंधारात कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ उजेड गोळा करतो, त्यामुळे बाजूने जाणाऱ्या गाडीचा नंबर नुसती पांढरी रेघ होतो. पुढच्या गाडीची परावर्तक प्लेट तुमच्याच हेडलाइटने झळाळून कोरी दिसते. चांगला सेन्सर (सोनीचा स्टारव्हिस या कामासाठी नावाजलेला आहे) आणि एचडीआर (उजळ आणि अंधारे भाग एकाच चित्रात सांभाळणारी सोय) यांनी फरक पडतो, पण चमत्कार होत नाही. म्हणून माझी एक सवय: संशयास्पद काही घडलं की मी पुढच्या गाडीचा नंबर, रंग आणि लेन मोठ्याने बोलतो. माइक चालू असेल तर ते रेकॉर्ड होतं. कुठल्याही भिंगापेक्षा हे जास्त वेळा कामी आलं आहे.

आतली बॅटरी नको, कपॅसिटर हवा

ट्रकची काच मोठी आणि जवळजवळ उभी. उन्हात उभ्या केबिनमध्ये काचेजवळचं तापमान ६० अंशांच्या वर सहज जातं. लिथियम बॅटरीचं चार्जिंग साधारण ४५ अंशांपर्यंतच सुरक्षित मानलं जातं. म्हणजे जेवण उरकून गाडी सुरू करता तेव्हा ती बॅटरी भाजलेल्या अवस्थेत चार्ज व्हायला लागते, आणि काही महिन्यांत फुगून कॅमेऱ्याची पाठ उचकटते.

सुपरकपॅसिटरवाला कॅमेरा उष्णता कितीतरी जास्त सोसतो. त्यात वीज साठते ती काही सेकंदांपुरती, पण तेवढ्यात शेवटची फाइल व्यवस्थित बंद होते आणि तेवढंच अपेक्षित आहे. ट्रकसाठी ही एकच अट मी न सोडण्यासारखी मानतो. बाकी सगळ्यात तडजोड चालेल.

कार्ड: इथेच बहुतेक डॅशकॅम हरतात

सेकंदाला १५ मेगाबिट या दराने रेकॉर्डिंग होत असेल तर तासाला पावणेसात जीबी भरतात. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड नऊ तासांत भरतं आणि मग जुन्या फाइलवर नवी लिहिली जाते. सकाळी घडलेली गोष्ट रात्री पाहायला जाल तर ती पुसलेली असू शकते. १२८ जीबीत अठरा-एकोणीस तास मिळतात. ४केला ३० मेगाबिट धरले तर पुन्हा निम्मे. दोन भिंगं असतील तर आणखी कमी. मला किमान दोन दिवसांचं ड्रायव्हिंग साठायला हवं असतं, त्यावरून मी कार्ड ठरवतो. घेण्याआधी तुमचा कॅमेरा कमाल किती जीबी स्वीकारतो ते पुस्तिकेत पाहा.

कार्डावर यू३ किंवा व्ही३० अशी खूण असते. तिचा अर्थ सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याचा वेग. आपल्याला लागतात दोन ते चार. तेव्हा वेग हा खरा प्रश्नच नाही, प्रश्न आहे टिकण्याचा. फोनमधलं कार्ड वर्षभरात मोजक्या वेळा भरतं. डॅशकॅममधलं दर एक-दोन दिवसांनी पूर्ण पुसून पुन्हा लिहिलं जातं. मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच असं लिहिणं सोसतो. म्हणून 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं, सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं कार्डच घ्या. माझं ते अकरा आठवडे आधी मेलेलं कार्ड जुन्या फोनमधलं होतं, हे आता सांगून टाकतो.

नकली कार्डं बाजारात भरपूर फिरतात: वर १२८ लिहिलेलं, आत १६. विंडोज संगणक असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून खरी क्षमता सांगतो. वेळ खातो, पण एकदाच करायचं काम आहे. नंतर कार्ड फॉरमॅट करायचं ते कॅमेऱ्यातच, संगणकावर नाही.

वीज: २४ व्होल्टचं गणित

कारमध्ये १२ व्होल्ट असतात. बहुतेक अवजड ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. उत्तर अमेरिकेतले ट्रक मात्र १२ व्होल्टवर चालतात. आपला कुठला, हे अंदाजाने नाही, मल्टिमीटर लावून ठरवा.

कॅमेऱ्याला स्वतःला लागतात ५ व्होल्ट. ते करून देतो चार्जर किंवा हार्डवायर किट (फ्यूज बॉक्सवरून पक्की वीज घेणारी जोडणी). फक्त १२ व्होल्टचा चार्जर २४च्या सॉकेटमध्ये खुपसला की धूर काढतो. त्याहून फसवा प्रकार म्हणजे कसाबसा २४ सोसणारा स्वस्त चार्जर. इंजिन चालू असताना अल्टरनेटर २८ व्होल्टच्या आसपास देतो, आणि दुसऱ्या गाडीवरून केबल लावून स्टार्ट करताना झटके त्याहूनही मोठे बसतात. म्हणून चार्जरवर 'इनपुट १२–२४' वाचून थांबू नका. कमाल मर्यादा ३० किंवा ३६ व्होल्ट लिहिलेला पाहा.

डॅशबोर्डवरचं लायटर सॉकेट २४चं असेलच असं नाही. काही ट्रकमध्ये आत कन्व्हर्टर असतो आणि एखादं सॉकेट १२ व्होल्टचं असतं. तो पुरवठा वापरायला हरकत नाही. मात्र '१२ हवेत ना, मग दोनपैकी एका बॅटरीवरून घेऊ' ही युक्ती कुणी सुचवली तर हात जोडून नको म्हणा. त्या एका बॅटरीतून जास्त वीज जाते, चार्ज करताना अल्टरनेटरला ते कळत नाही. एक बॅटरी कायम अर्धी राहते, दुसरी वाजवीपेक्षा जास्त चार्ज होते, आणि शेवटी दोन्ही बदलाव्या लागतात.

सुरुवातीला लायटर सॉकेट वापरायला काहीच कमीपणा नाही. आठवडाभर तसं चालवा, कॅमेऱ्याची जागा पक्की होऊ द्या. हादऱ्यांनी प्लग हळूहळू बाहेर सरकतो एवढं लक्षात ठेवा. मग पक्की जोडणी करा.

गाडी उभी असतानाचं रेकॉर्डिंग

हार्डवायर किटला तीन तारा असतात: कायम वीज असणारी, किल्ली फिरवल्यावर वीज येणारी, आणि अर्थ. किल्ली बंद झाली हे दुसऱ्या तारेवरून कळतं, मग कॅमेरा पहिलीवरून वीज घेत पार्किंग मोडमध्ये जातो. बॅटरी ठरावीक व्होल्टच्या खाली गेली की किट वीज तोडतं.

५ वॉटचा कॅमेरा दहा तासांत ५० वॉट-अवर खातो, २४ व्होल्टवर दोन-अडीच अँपिअर-अवर. दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीला ते काहीच नाही. पण अडीच दिवसांच्या सुट्टीत ते पंधरापर्यंत जातं, बॅटरी जुनी असते, वर केबिनमधला पंखा आणि फोनचे चार्जर असतातच. विश्रांतीत असलेली पूर्ण चार्ज बॅटरीजोडी साधारण २५.४ व्होल्ट दाखवते, निम्मी उतरलेली २४.४, आणि २३.२ म्हणजे जवळजवळ रिकामी. बऱ्याच किटमध्ये २३.२ हाही पर्याय दिलेला असतो. तो कधीच निवडू नका. २४ किंवा त्याच्या वरचा ठेवा. थंडीत सकाळी इंजिन घेत नाही तेव्हा रात्रीचं रेकॉर्डिंग पाहण्यात कुणाला रस नसतो.

मुक्कामाला बॅटरीचा मुख्य स्विच बंद करत असाल तर त्याच्या पुढून घेतलेल्या तारेवर पार्किंग मोड चालणार नाही. काही जण मग थेट बॅटरीवरून, स्विचला वळसा घालून तार आणतात. इंधन, गॅस, रसायन वाहणाऱ्या गाडीत हे अजिबात करायचं नाही. तो स्विच आग टाळण्यासाठी दिलेला असतो. तो बंद केल्यावर कुठल्याही तारेत वीज उरता कामा नये.

काचेवर जागा शोधणं

हे काम घाईत करू नका. कागदी टेपने कॅमेरा तात्पुरता अडकवा, फोनवर थेट चित्र उघडा आणि सीटवर बसून बघा. तपासायच्या गोष्टी अशा.

वायपर पुसतो त्या भागातच भिंग हवं. ट्रकच्या काचेचा वरचा बराच भाग वायपरच्या टप्प्यात नसतो. कार पाहून लोक कॅमेरा वर, मध्यभागी लावतात, आणि पहिल्या पावसात चित्रात फक्त ओघळ दिसतात. वायपर चालवून, काच ओली करून, पुसलेल्या भागाची कड बघून ठेवा.

नजर अडता कामा नये. ट्रकमध्ये चालक उंच बसतो, त्यामुळे वरचा कॅमेरा सिग्नल आणि फलक झाकू शकतो, खालचा कॅमेरा बंपरपुढून जाणारं लहान मूल झाकू शकतो. नियम देशागणिक वेगळे आहेत. अंदाज यावा म्हणून अमेरिकेतल्या व्यावसायिक वाहनांचा नियम सांगतो: असं उपकरण वायपरच्या टप्प्याच्या वरच्या कडेपासून खाली २१६ मिलिमीटरच्या आत, किंवा खालच्या कडेपासून वर १७५ मिलिमीटरच्या आत असावं, आणि रस्ता, फलक, सिग्नल यांच्याकडच्या नजरेच्या रेषेबाहेर असावं. तुमच्याकडचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळा.

चपट्या तोंडाच्या ट्रकमध्ये मला काचेच्या खालच्या भागात, मध्यापासून किंचित सहचालकाकडे असलेली जागा आवडते. कॅमेरा खाली असला की पुढच्या गाडीचा नंबर फार वरून दिसत नाही, सनव्हायजर मध्ये येत नाही, आणि हात पोचतो. बॉनेटवाल्या ट्रकमध्ये खालून बॉनेटच चित्र खातं, तिथे वरची जागा बरी, अर्थात वायपरच्या टप्प्यात. नव्या ट्रकमध्ये आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचा कॅमेरा काचेवर आधीच असतो. त्याच्यापुढे किंवा त्याच्या झाकणावर काहीही लावायचं नाही.

डॅशबोर्डवर ठेवलेली पांढरी कागदपत्रं काचेत उमटून चित्रात भुतासारखी तरंगतात. भिंग काचेच्या जितकं जवळ, तितकं हे कमी. काळं, न चमकणारं कापड अंथरलं तर उत्तम. पोलरायझर फिल्टरही मिळतो, पण तो रात्रीचा उजेड खातो, म्हणून मी लावत नाही.

चित्रात क्षितिज मध्याच्या जरा वर असावं. आकाश निम्म्याहून जास्त आलं तर कॅमेरा त्याच्या उजेडाला भुलतो आणि रस्ता काळा करतो.

चिकटवणं

सक्शन कप कारमध्ये ठीक. ट्रकच्या हादऱ्यांत आणि उन्हात तो कधी ना कधी सुटतोच, आणि सुटतो तो नेमका उतारावर. दुहेरी फोम टेप, थ्रीएमच्या व्हीएचबी जातीची, हाच पक्का मार्ग.

काच आतून आधी साबणाच्या पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. केबिनच्या काचेवर आतून एक तेलकट थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही पण टेपला कळतो. काच कोमट हवी: साधारण २० ते ३५ अंश. गार सकाळी किंवा तापलेल्या दुपारी लावू नका. काचेच्या कडेला काळे ठिपके असतात, तिथे टेप नीट धरत नाही. स्वच्छ काचेवरच लावा. अंगठ्याने अर्धा मिनिट दाबून धरा, टेपखाली हवेचे बुडबुडे राहिले आहेत का ते बाहेरून बघा. आणि आता खरी परीक्षा: नुसतं स्टँड लावून एक दिवस थांबा, कॅमेरा दुसऱ्या दिवशी अडकवा. या टेपला पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात, चोवीस तासांत बहुतेक आलेली असते. नव्वद टक्के लोक इथे घाई करतात, असं म्हणण्याचा मोह होतो; मोजलेले नाहीत, पण मीही त्यात होतो.

कॅमेऱ्याला एक बारीक दोरी बांधून ती जवळच्या एखाद्या पक्क्या स्क्रूला अडकवा. चपट्या तोंडाचा ट्रक दुरुस्तीला गेला की केबिन पुढे कलंडवतात, आणि आतली प्रत्येक सुटी वस्तू काचेवर येऊन आदळते.

तार ओढणं आणि जोडणं

आधी कॅमेऱ्यापासून फ्यूज बॉक्सपर्यंत तार मोकळीच टाकून लांबी पाहा. कॅमेऱ्याजवळ थोडी ढील ठेवा, म्हणजे हादरा तारेला बसेल, सॉकेटला नाही. काचेच्या रबरात किंवा पिलरच्या आच्छादनाखाली ती दाबून न्या. पिलरमध्ये एअरबॅग असेल तर तार तिच्या मागून जाईल असं बघा, पुढून कधीच नाही. गरम हवेच्या झरोक्यावरून तार नेऊ नका. क्लच, ब्रेक आणि स्टिअरिंगच्या दांड्याजवळ काहीही लोंबकळता कामा नये. उरलेली तार गुंडाळून टायने बांधा, पण रेडिओच्या अँटेनाच्या तारेपासून लांब. नाहीतर रेडिओ खरखरतो. तरीही खरखरला तर चार्जरच्या तारेवर फेराइटचा मणी (तारेतली खरखर शोषणारा) अडकवून बघा.

जोडणीचा क्रम मात्र असाच ठेवा:

१. किल्ली काढा, बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा. मोजमापापुरताच तो पुन्हा चालू करायचा.

२. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा पाहून दोन जागा निवडा: एक कायम वीज असणारी, एक किल्लीबरोबर येणारी. रेडिओ, केबिनचा दिवा, लायटर सॉकेट यांसारख्या बिनमहत्त्वाच्या जागा. ब्रेकची एबीएस यंत्रणा, एअरबॅग, इंजिनचा संगणक, इंधनपंप यांना हात लावायचा नाही.

३. दोन्ही जागा मल्टिमीटरने तपासा, किल्ली चालू असताना आणि बंद असताना. नकाशावर भरवसा ठेवू नका; आधीच्या मालकाने काय काय केलेलं असेल सांगता येत नाही.

४. तुमच्या फ्यूजच्या आकाराचा फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा तार काढू देणारी जोड) घ्या. मूळ फ्यूज काढल्यावर ज्या टोकाला व्होल्ट दिसत नाहीत, त्या बाजूला टॅपची तार निघणारी बाजू येऊ द्या. टॅपमध्ये मूळ फ्यूज परत घाला आणि कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा वेगळा.

५. अर्थची तार रंग खरवडलेल्या, उघड्या पत्र्याला लागलेल्या बोल्टखाली घट्ट करा. प्लास्टिकमध्ये घुसलेला स्क्रू अर्थ नसतो. कॅमेरा मधूनच बंद-चालू होत असेल तर आधी इथेच बघा.

६. सगळं सुरू करून किल्ली तीनदा चालू-बंद करा. कॅमेरा दर वेळी आपोआप सुरू झाला आणि पार्किंग मोडमध्ये गेला, मगच आच्छादनं परत बसवा.

तारा उघड्या पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळणं हा प्रकार ट्रकमध्ये टिकत नाही. उन्हाने गोंद वितळतो, टेप सुटते, तार पत्र्याला लागते. क्रिम्प करा (धातूच्या जोडात तारा दाबून बसवा) किंवा सोल्डर करून वर उष्णतेने आकसणारी नळी चढवा. हे जमणार नसेल तर वाहनाच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, आणि शेजारी उभं राहून बघा.

सेटिंग

हादरा सेन्सर सगळ्यात कमी संवेदनशीलतेवर आणा. तो अपघाताची फाइल लॉक करण्यासाठी असतो, पण रिकामा ट्रक खड्ड्यांतून जाताना त्याला दर मिनिटाला अपघात झाल्यासारखं वाटतं. लॉक फाइल पुसली जात नाही. अशा फाइलींनी कार्ड गच्च भरतं आणि नवं रेकॉर्डिंग थांबतं. ट्रकमधल्या 'कार्ड फुल' तक्रारींचं हे नेहमीचं कारण.

एका फाइलची लांबी तीन मिनिटं ठेवा. तारीख, वेळ आणि टाइमझोन बरोबर लावा; चुकीच्या वेळेचं रेकॉर्डिंग वादात तुमच्याच अंगावर येतं. जीपीएस असेल तर वेळ आपोआप जुळते. काही ट्रकच्या काचेत उष्णता अडवणारा धातूचा थर असतो, तिथे जीपीएसला सिग्नल मिळत नाही आणि बाहेरची अँटेना लागते. चित्रावर वेग छापायचा की नाही हे तुम्ही ठरवा, पण तो छापला तर तुमच्या बाजूने बोलेल तसा विरुद्धही बोलेल. फ्लिकरसाठी, म्हणजे दिव्यांचं लुकलुकणं टाळायला, ५० किंवा ६० हर्ट्झ, तुमच्याकडची वीज असेल ते. एलईडी सिग्नल तरीही चित्रात अधूनमधून विझलेले दिसतील, तो कॅमेऱ्याचा दोष नव्हे.

बाहेरचे कॅमेरे, थोडक्यात

बाहेर लावायचा कॅमेरा किमान आयपी६७चा (धूळ आणि पाणी आत न शिरू देणारा) हवा; गाडी जोराच्या फवाऱ्याने धुतली जात असेल तर आयपी६९के. तारांना पिळून बंद होणारे चार पिनांचे गोल कनेक्टर घ्या, नुसते खोचायचे नकोत. केबिन कलंडते त्या बिजागरीजवळ तारेला भरपूर ढील द्या, आणि एकदा केबिन कलंडवून बघा. सुटणाऱ्या ट्रेलरवर मागचा कॅमेरा असेल तर जोडणीच्या ठिकाणी वेगळा कनेक्टर लागतो, नाहीतर ट्रेलर सोडताना तार तुटलीच म्हणून समजा.

नंतरची निगा, आणि प्रसंग घडला तर

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, कालची एक फाइल उघडून बघा. दिव्यावर विश्वास नाही, फाइलवर. त्याच वेळी भिंग आणि त्यापुढची काच आतून पुसा. महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट, त्याआधी हवं ते उतरवून. रोज चालणाऱ्या गाडीत मी कार्ड वर्षाने बदलतो, ते चालू असलं तरी.

अपघात किंवा वाद झाला तर आधी माणसं आणि सुरक्षितता. मग फाइल लॉक करायचं बटण दाबा आणि कॅमेरा बंद करा, कारण तो तसाच चालू राहिला तर तासातासाने जुनं पुसत जाईल. वीज गेल्यावरच कार्ड काढा. लिहिणं चालू असताना ओढलं तर नेमकी शेवटची फाइल बिघडते. फोनवरून पाठवायची असेल तर प्रत पाठवा, व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून गेलेली फाइल दाबून लहान होते आणि नंबर पुसट होतात, म्हणून ती डॉक्युमेंट म्हणून जोडा. मूळ कार्ड एका पाकिटात घालून वर तारीख, वेळ, ठिकाण लिहा. आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेलं दुसरं, आधीच फॉरमॅट केलेलं कार्ड कॅमेऱ्यात सरकवून मगच गाडी हलवा.